जादा दहा मिनिटं

रांजणीत पाणी येतं सहा दिवसांनी. मे महिन्यात आठ दिवसांनी. अशा शहरात एका सोमवारी सकाळी कासार गल्लीतल्या बायकांनी पाळी नसताना आलेलं पाणी बघून नळ बंद केले. भरलेल्या बादल्या गटारात ओतल्या. एका बाईने तर नळाच्या तोंडाला चिंधी करकचून बांधली. आमच्या लाइनमनने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर खेकसले, "सकाळी सकाळी थट्टेला मीच सापडले का रे तुला?"

मी सुलक्षणा शेजूळ. रांजणी महानगरपालिकेच्या पाणीखात्यात उपअभियंता. डोकं तापट, हे खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी काढून कासार गल्लीत गेले. चिंधी बांधणाऱ्या सोनटक्के मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या.

"बाई, तुमचं पाणी तुम्हाला लखलाभ," त्या म्हणाल्या. "हे मधेच आलेलं पाणी आलं की गल्लीतलं माणूस जातं. मागच्या महिन्यात तांबोळ्यांच्या बोळात आलं, चौथ्या दिवशी तांबोळी गेले. त्याआधी रामवाडीत. आम्हाला नको."

"अहो मावशी, पाणी सोडतं ते यंत्र आहे. त्याला काय कळतंय माणूस कोण आणि मरण कशाला म्हणतात?"

"ते तुम्ही सांगा. शिकलेल्या तुम्ही."

ऑफिसात येऊन मी चिडूनच नोंदी उघडल्या. म्हटलं, मावशींचं तोंड आकड्यांनी बंद करू. दुपारी तीनपर्यंत माझंच तोंड बंद झालं होतं.

चौदा महिन्यांत यंत्राने दोनशे तीस वेळा एखाद्या गल्लीला पाळी सोडून पाणी दिलं होतं. प्रत्येक वेळी बरोबर दहा मिनिटं. त्यातल्या दोनशे बारा गल्ल्यांमध्ये पुढच्या नऊ दिवसांत कुणीतरी वारलं होतं.

हे कसं झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला, महानगर अधिकार आणि दायित्व सुधारणा कायदा. त्याआधी आमची महापालिका म्हणजे नावाची मालकीण. साधी पाइपलाइन बदलायची तरी फाइल मुंबईला जायची, आणि शिव्या मात्र आम्ही खायचो. नव्या कायद्याने पाणी, रस्ते, दवाखाने, जमीन, सगळ्याचे अधिकार शहराला दिले. सगळ्या खात्यांची दप्तरं एक केली. ज्या दिवशी कायदा लागू झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते.

मग आम्ही कलम एकेचाळीस नीट वाचलं. ज्ञात धोका. शहराला किंवा शहराच्या कुठल्याही यंत्राला एखाद्या धोक्याची माहिती झाली आणि चोवीस तासांत हालचाल झाली नाही, तर जबाबदार अधिकाऱ्यावर फौजदारी गुन्हा. अधिकारी म्हणजे पद नाही, नावानिशी माणूस. कागदावर ही गोष्ट सोन्यासारखी दिसते. प्रत्यक्षात काय झालं? सगळी खाती माहीत नसण्याच्या खटपटीला लागली. पुलाच्या तड्यांवरच्या सेन्सरची बॅटरी संपली, ती कुणी बदलली नाही. चौकातले कॅमेरे आभाळाकडे बघायला लागले. दर शुक्रवारी प्रत्येक खातं एक प्रमाणपत्र देतं, "जीवितास धोक्याबाबत माहिती निरंक." खाली सही, तारीख, शिक्का.

पाणीखात्यात त्याच सुमारास यंत्र बसलं. घरोघरच्या मीटरमध्ये चण्याएवढी एक टिकली असते. पाइपातून पाणी वाहताना पाइप थरथरतो, ती थरथर टिकली ऐकते. आंघोळीचं पाणी वेगळं थरथरतं, स्वयंपाकघरातलं वेगळं, संडासच्या टाकीचं वेगळं. त्यावरून कुठे किती पाणी लागणार याचा अंदाज यंत्र बांधतं आणि व्हॉल्व्ह आपोआप फिरवतं. पण सुरुवातीला त्याला शिकवायला काहीतरी हवं होतं. म्हणून आम्ही त्याला चावीवाल्यांच्या जुन्या वह्या वाचायला दिल्या. त्यात सगळ्यात जास्त वह्या माझ्या वडिलांच्या, आबांच्या. इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी एकतीस वर्षं या शहराचे व्हॉल्व्ह फिरवले.

त्या वह्यांमध्ये मधूनच एक ओळ असायची. "जादा १० मि." कारण लिहिलेलं नाही.

कारण मला लहानपणापासून माहीत होतं. गल्लीत मयत झाली की घरचं कुणीतरी आमच्या दारात येऊन नुसतं उभं राहायचं. आबा काही विचारायचे नाहीत. चावी उचलायचे. मयताला न्हाऊ घालायला, जमलेल्या माणसांच्या आंघोळीला पाणी लागतं, आणि पाळी अजून चार दिवसांवर असायची. ते पाणी कुठल्याच नियमात नव्हतं. त्याबद्दल तक्रारही कधी झाली नाही.

यंत्राने काय केलं? कायद्याने दप्तरं एक झालेली, त्यामुळे त्याला मृत्यूची नोंदवही दिसत होती. जादा दहा मिनिटं आणि मृत्यू यांची जोडी त्याने लावली. मग टिकल्यांनी ऐकलेलं त्यात मिसळलं. आजारी घराचं पाणी बदलतं. आंघोळी बंद होतात, टाकी पुन्हापुन्हा वाजते, अंथरूण-पांघरूण धुण्याचं पाणी वाढतं. यंत्राला सगळं आधी कळायला लागलं, आणि ते आधीच पाणी सोडायला लागलं. दुष्टावा कसला त्यात? आमच्या आबांचंच वळण ते.

मंगळवारी मी हे सगळं लोहाडे साहेबांसमोर ठेवलं. लोहाडे साहेब आमचे कार्यकारी अभियंता. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. ऑफिसात आले की चपला टेबलाखाली सरकवून अनवाणी बसायची त्यांची सवय. त्यांनी कागद एकदा वाचला, मग पालथा घातला.

"हे अजून कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"नको दाखवूस. तुला समजतंय का सुलक्षणा, यंत्राला माहीत होतं म्हणजे शहराला माहीत होतं. दोनशे बारा माणसं. आणि यंत्र कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग? शुक्रवारी निरंकवर सही कर. मी यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला सांगून यंत्राची ही सवय पुसून टाकतो. सगळ्यांच्या डोक्याचा ताप जाईल."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तुरुंगात जायची हौस कुणाला असते? घरी आले तर मुलगी ओवी स्वयंपाकघरात उभी राहून तांब्याने घटाघटा पाणी पीत होती. एकोणीस वर्षांची घोडी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पिंप अर्ध्यावर आलेलं. पाळीला अजून चार दिवस.

"अगं पाणी पितेस की टँकर भरतेस? काल भरलेला फिल्टर रिकामा केलास तो केलास, आता पिंपाला लागलीस?"

"तहान लागते गं आई. उकडतंय किती."

"उकडतं सगळ्यांनाच. पाणीखात्यातल्या बाईच्या घरात पाण्याची ही उधळमाधळ, लोक काय म्हणतील?"

ती वर आपल्या खोलीत गेली. परीक्षा तोंडावर होती. कुडता अंगावर लोंबत होता. डाएटची नवी थेरं, असं मी मनात म्हटलं.

बुधवारी सकाळी आठ वाजता मी चहा गाळत होते आणि मोरीतला नळ सूं सूं करायला लागला. आधी हवा, मग गढूळ धार, मग स्वच्छ पाणी.

आमची पाळी शनिवारी होती.

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. दहा मिनिटं झाली आणि धार तुटली. बाहेर शेजारची दारं धडाधड लागत होती. कासार गल्लीची बातमी आमच्या अत्तार बोळापर्यंत केव्हाच पोचली होती.

मागे वळले तर आबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बोळात अकरा घरं, पण म्हातारं माणूस तीनच घरांत, आणि त्या तिघांत आबा सगळ्यात थोरले.

कुठलं घर ते यंत्राला विचारता येत नव्हतं. कायद्याने आम्हाला गल्लीपर्यंतच दिसतं. घराची नोंद बघायची तर कलम एकेचाळीसखाली धोक्याची नोंद करावी लागते, आणि ती केली की दोनशे बारा नावं बाहेर येतात, सगळी एकदम. मी नोंद केली नाही. त्याऐवजी रजा टाकली आणि आबांना रिक्षात घातलं.

"कुठं चाललोय आपण?"

"तपासायला."

"मला काय झालंय?"

"तेच बघायचंय ना! गप्प बसा जरा."

रक्त, लघवी, छाती, हृदयाची पट्टी, सगळं केलं. आबा दवाखान्यात प्रत्येक नर्सला सांगत होते की लेक वेडी झालीय. गुरुवारी दुपारी रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा यांची तब्येत चांगली आहे. त्यावर आबा इतके हसले की खोकला लागला. मी रस्त्यावरच रडायला लागले आणि मग त्यांना सगळं सांगून टाकलं. वह्या, टिकल्या, दोनशे बारा, सही.

आबा हसायचे थांबले. मग आम्ही घरी आलो. खाटेवर बसल्यावर म्हणाले, "तुझ्या यंत्राने अर्धंच शिकून घेतलं की."

"म्हणजे?"

"तुला काय वाटतं, कुणी मेल्यावरच पाणी सोडायचो मी? निम्म्या वेळेला आधीच सोडलंय. रोज गल्लीत फिरणाऱ्याला कळतं गं. कुणाची बादली अवेळी वाजते, कुणाच्या मोरीत सारखं पाणी पडतंय. पाणी सोडायचो, चावी भिंतीला टेकवायचो आणि त्या घराची कडी वाजवायचो. म्हणायचो, सगळे बरे आहात ना घरात? तेवढंच. निम्मी माणसं तर दवाखान्यात नेली मी. वाचली त्यातली कित्येक. ते वहीत कुठं लिहिणार? वहीत रकाना पाण्याचा."

एकतीस वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि बोळात शिरले.

दहा घरांच्या कड्या वाजवल्या. पहिल्या घरात म्हातारीची साखर, बीपी, सगळं विचारलं, ती ठणठणीत. दुसऱ्याने दार फटीएवढं उघडून सांगितलं, "आमच्याकडे कुणी मरत नाही, पुढे व्हा." एका बाईने मला बघून पोराला पदराआड घेतलं, जणू मीच यमाची माणूस. पण विचारत गेले. कुणाला ताप? कुणाचं जेवण कमी झालंय? एका घरातले म्हातारे दम्याचे होते, त्यांच्या सुनेला दवाखान्याचा नंबर दिला, पण त्यांचं तर दहा वर्षं तसंच चाललंय. दहाव्या घरातून बाहेर पडले तेव्हा चार वाजले होते आणि माझ्या हाती काही लागलं नव्हतं.

"झाली दहा," मी आबांना म्हटलं. "कुणीच नाही. पाणी येऊनही कुणी गेलं नाही, त्या अठरांतलं एक असेल, चुकलं असेल यंत्र."

"अकरावं?"

"अकरावं आपलं. तुमच्या तपासण्या झाल्या की आत्ता."

"माझ्या झाल्या. या घरात मी एकटाच राहतो का?"

मला कळेना.

"पोरगी दिवसातनं पंधरा वेळा संडासला जाते," आबा म्हणाले. "वरची टाकी सारखी वाजते. मला वाटलं उन्हाळी लागली असेल. आणि तुला सांगावं तर तू पाण्यावरनं तिच्यावरच ओरडतेस."

जिना मी कसा चढले आठवत नाही. ओवीचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आत गेले तर ती पालथी झोपलेली, भर दुपारी, पंखा बंद. श्वास इतका जोरात चाललेला की धावून आल्यासारखा. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. "ओवे!" म्हणून हलवलं तर डोळे अर्धे उघडून तिने एकच शब्द म्हटला, "पाणी."

दवाखान्यात साखर निघाली पाचशे चाळीस. तरुण वयात अचानक होणारा मधुमेह. शरीरात इन्सुलिन बनायचंच थांबतं, मग साखर रक्तातच साठते, शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकत राहतं, तहान भागत नाही, आणि रक्तात विष चढायला लागतं. डॉक्टर सलाइन लावता लावता मला विचारत होते.

"वजन उतरलं होतं?"

"हो."

"पाणी खूप पीत होती का गेले काही दिवस?"

मी पाण्याची इंजिनिअर. अठरा लाख लोकांच्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजते. "पीत होती," मी म्हटलं, "आणि मी तिला त्यावरून बोलत होते, डॉक्टर."

शुक्रवारी पहाटे ओवी शुद्धीवर आली. मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "आई, ओरडू नकोस, पण थोडं पाणी देशील?" मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आबांनी चमच्याने पाणी पाजलं.

अकरा वाजता मी ऑफिसात गेले. डोळे सुजलेले, अंगावर कालचीच साडी. लोहाडे साहेब उठून उभे राहिले, अनवाणीच.

"कळलं मला. वाचली पोर, देवाची कृपा. बस. चहा घे." मग त्यांनी निरंकचा कागद माझ्याकडे सरकवला. "एवढी सही कर आणि जा मुलीजवळ. कंपनीचा माणूस तयार बसलाय, दुपारपर्यंत सवय पुसली जाईल."

मी पेन घेतलं. साहेबांच्या मागच्या पडद्यावर शहराचा नकाशा होता. त्यात या आठवड्यात जादा पाणी गेलेल्या गल्ल्यांवर यंत्राने खुणा केल्या होत्या. आमचा बोळ धरून आठ. आमचा बोळ वजा केला तर सात. कासार गल्ली सगळ्यात आधीची, सोमवारची. आज पाचवा दिवस.

"साहेब, ही सवय पुसली तर या सात गल्ल्यांचं काय?"

"काय म्हणजे? यंत्र नव्हतं तेव्हा माणसं मरत नव्हती का?"

"तेव्हा आबा कडी वाजवत होते."

मी निरंकचा कागद उलटा ठेवला आणि कपाटातून दुसरा काढला. ज्ञात धोका नोंद, नमुना क्रमांक दोन. या शहरात तो आजवर कुणीच भरला नव्हता. गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. पहिल्या गल्लीचं नाव चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं.

"सुलक्षणा, वेडी आहेस का? चौकशी लागेल. दोनशे बारा घरं कोर्टात उभी राहतील. मुलगी दवाखान्यात आहे तुझी! तिच्या आईला नेऊन आत बसवलं तर तिला कोण इंजेक्शन देणार?"

"मला भीती वाटतेय साहेब. खूप वाटतेय. तुम्ही बोलू नका, नाहीतर माझं धाडस जाईल."

सात गल्ल्या लिहिल्या. जबाबदार अधिकारी या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली, आणि कागद नोंदणीच्या यंत्रात सरकवला. वेळ उमटली. अकरा वाजून बावीस मिनिटं. पडद्यावरच्या सात गल्ल्यांमध्ये सात घरं लाल झाली.

लोहाडे साहेब मटकन खाली बसले. "झालं. आता शहराला माहीत झालं."

"झालं ना? मग उठा. चपला घाला."

"मी?"

"चोवीस तास आहेत आणि सात घरं. मी एकटी कुठं कुठं पुरणार? आरोग्य खात्याला फोन लावा, गाड्या मागवा, आणि चला."

मला वाटलं होतं ते खिडकीबाहेर बघतील, नाहीतर आयुक्तांना फोन लावतील. त्यांनी फोन लावला तो आरोग्य खात्याला. सहा घरांचे पत्ते सांगून गाड्या मागितल्या. सातवं घर कासार गल्लीतलं, जवळचं, ते आम्ही घेतलं. मग ते टेबलाखाली वाकले आणि पायाने चपला चाचपडायला लागले.

कासार गल्लीत आम्हाला बघून दारं लागायला लागली. लाल झालेल्या घराच्या पत्त्यावर पोचले तर नळाला चिंधी अजून तशीच बांधलेली होती. मी कडी वाजवली. आतून काही हालचाल नाही. पुन्हा वाजवली. शेवटी सोनटक्के मावशींनी दार उघडलं. सोमवारी ताठ उभ्या राहिलेल्या बाई, आज चौकट धरून उभ्या होत्या.

"आता काय बाई? नळ बांधला म्हणून दंड करायला आलात?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "सगळे बरे आहात ना घरात?"

मग त्यांचा चेहरा पार कोसळला.

"आमचे हे परवापासून उठले नाहीत हो. खात नाहीत, ओळखत नाहीत. पण सांगू कुणाला? म्हटलं, सांगितलं की ते पाणी आमच्यासाठीच होतं असं होईल."

लोहाडे साहेबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि माझ्याआधी आत गेले.